तापीअक्का आणि शिवलेलं पान

तापीअक्का मला पहिल्यांदा दिसली ती कपाळ आणि दोन डोळे एवढीच. उरलेली अक्का भिंतीपलीकडे होती.

लग्न होऊन मी धुळ्याला आले त्याचा तो दुसरा दिवस. परसात तांब्या घासत बसले होते. आमच्या आणि शेजारच्या परसामध्ये मातीची एक भिंत होती. त्या भिंतीवरून आधी कुंकवाची ठसठशीत चिरी वर आली, मग दोन टपोरे डोळे आले आणि तिथेच थांबले.

"जयगाववाली तूच का?"

माझं माहेर जळगाव. तिकडच्या बोलीत त्याचं जयगाव होतं. मी नुसती मान हलवली.

"तोंडमा दात शेतस का?"

"आहेत," मी म्हटलं.

"मंग बोल ना. मान तं बकरीबी हालावस."

एवढं बोलून डोळे एकदम खाली गेले, मोठा आवाज झाला, आणि भिंतीपलीकडून तोच स्वर आला, "काही नही व्हयनं! घमेलं सरकनं!"

अक्का उपड्या घमेल्यावर उभी राहून बोलत असे हे मला नंतर कळलं. तिची उंची सव्वाचार फूट असेल, तीही अंबाडा धरून. आणि देवाने थट्टा करायची म्हणून नवरा दिला तो दौलतनाना. नाना कापसाच्या जिनात गठ्ठे वाहत. आमच्या गल्लीतली एकही चौकट त्यांच्या मापाची नव्हती. बोलणं मात्र दिवसाकाठी चार शब्द, त्यातले दोन बैलाशी. अक्का त्यांच्यासमोर उभी राहून बोलायला लागली की मान वर करून करून तिचा पदर मागे घसरायचा. पदर सावरायचा आणि पुढचं बोलायचं, या तालावर त्यांचा संसार चालला होता.

आता माझ्याविषयी दोन शब्द सांगते, म्हणजे पुढे काय झालं ते नीट कळेल. मी सोळा वर्षांची होते आणि मराठी सातवी पास होते. सासरी येताना ट्रंकेत चार लुगडी, एक आरसा आणि 'भोळ्या समजुती' या विषयावरच्या निबंधाला मिळालेलं बक्षिसाचं पुस्तक घेऊन आले होते. ते पुस्तक मी सगळ्यात वर ठेवलं होतं, ट्रंक उघडल्याबरोबर कोणालाही दिसावं म्हणून. सासूबाई रोज ते उचलून बाजूला ठेवत आणि खालचं लुगडं काढत. इतकं शहाणपण अंगात होतं, पण मांजर आडवं गेलं की मी सात पावलं मागे जात असे. मोजून सात.

अक्का गोधड्या शिवायची. सकाळची कामं उरकली की परसात जुनी लुगडी अंथरून बसायची, बोटभर सुई, पांढऱ्या सुताची लडी, आणि तोंडाने अखंड बडबड. ऐकायला कोणी नसलं तर पाखरांशी. तिच्या परसात वांगी होती, गिलक्यांचा मांडव होता, आणि भिंतीवर गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल चढवलेला होता. तो अर्धा तिच्याकडे, अर्धा आमच्याकडे उतरला होता. दिवसभर तिथे बारकी बारकी पाखरं नाचत असायची. तिचं म्हणणं असं की माणसाची पारख पाखरांवरून शिकावी, आणि तीही बारक्या.

"मोर म्हने राजा," ती म्हणे. "कुत्रं भुकनं की राजा झाडवर! आनि मनी शिंपीन दख. आंगठाएवढी. तुनी सासूना बोकाले गल्लीपावत पोचाडी येस."

हे खरं होतं. आमच्या सासूबाईंचा बोका चांगला पायलीच्या मापाएवढा होता. पण ही शिंपीन, म्हणजे ते हिरवट पाठीचं, विटकरी टोपीचं, शेपटी उभी धरणारं एवढंसं पाखरू त्याच्या कानाशी येऊन टुवीट टुवीट करायला लागलं की बोका कान पाडून, काही काम आठवल्यासारखा निघून जाई.

"त्याला भीती कशी वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"भीती ऱ्हावाले जागा पाहिजे ना! लहान आंगमा कोठे मावी?" अक्का म्हणाली. हे ती पाखराविषयी बोलत होती, असं मी तेव्हा समजले.

सगळ्या गल्लीला तिने पाखरांची नावं वाटली होती. सासूबाई साळुंकी, म्हणजे पिवळे डोळे वटारून अंगणावर हक्क सांगणारी. मला तिने होला ठरवलं होतं. होला काड्या चार ठेवतो, त्याही पडतात, आणि वर दिवसभर घुमत बसतो. मला राग आला. मी मोराची अपेक्षा करत होते.

माझा माहेरचा आरसा मी परसातल्या खुंटीला लावला होता. सकाळी वेणी घालताना मी त्याच्यासमोर उभी राहायची. महिनाभरात तिथे चिरक यायला लागला. काळा, शेपटीखाली तांबडा ठिपका असलेला तो पक्षी. आरशात त्याला दुसरा चिरक दिसे, आणि मग जी मारामारी सुरू होई! चोच मार, पंजे मार, आरशावर घाण. मी वैतागून आरशावर फडकं टाकलं. लगेच भिंतीवर डोळे आले.

"काब्र झाकस? लढू दे त्याले."

"अहो अक्का, ते त्याचंच प्रतिबिंब आहे," मी सातवी पासच्या आवाजात म्हटलं. "आपल्याशीच भांडतोय तो. मूर्ख आहे."

"आनि तू तास तास तठे उभी राहीसन काय करस? तो भांडस तरी. तू तं नुसती दखस."

त्या दिवसापासून मी वेणी घरात घालायला लागले.

देवीची लस टोचायला सरकारी माणूस आला तेव्हाही हेच. गल्लीतल्या बायका धान्याच्या कोठीमागे दडल्या. मी 'लसीकरणाचे फायदे' या विषयावर मनातल्या मनात निबंध रचत सगळ्यांच्या मागे दडले. अक्का एकटी बाहेर आली, दंड उघडा केला आणि म्हणाली, "आधी हात धुय." तो साहेब म्हणाला, "बाई, मी वरून आलेला माणूस आहे." अक्का म्हणाली, "वरथीन देवबी उना तरी मना घरमा हात धुईसनच येस." धुतले बापड्याने. मग तिने आम्हाला एकेक करून कोठीमागून ओढून काढलं.

आता पानाची गोष्ट. ही सांगताना मला अजून कानकोंडं होतं. पण सांगितली नाही तर अक्का पुरती कळणार नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर मांडायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याचे रोट करायला घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि घरच्या जात्यावर दळायचे. आमच्या गल्लीत त्या दळणाला पहिली बसायची ती तापीअक्का. वीस वर्षांत तिच्या गाण्याशिवाय कानबाईचं जातं फिरलं नव्हतं. अक्काला सोनंनाणं नव्हतं, लेकरू नव्हतं. त्या जात्याजवळची ती जागा, हीच तिची मिरास. ते ती बोलून दाखवत नसे, पण आषाढ लागला की गाणी घोळवायला लागायची.

त्या वर्षी कानबाईला बारा-तेरा दिवस होते. घर पांढरं करायला काढलं होतं. मी भिंतीपाशी गंगाफळाची कोवळी पानं खुडत होते, आणि एका मोठ्या पानावर हात थांबला. त्या पानाच्या दोन्ही कडा ओढून एकमेकींना शिवल्या होत्या. चक्क शिवल्या होत्या, भोकं पाडून, पांढऱ्या सुताने, टाके घालून. वरून आत पाहिलं तर पांढरं काहीतरी मऊ.

मी किंचाळले नाही. किंचाळायला धीर लागतो. मी नुसती घरात पळाले, आणि मला उचकी लागली.

उचकी दोन दिवस झाले तरी थांबेना. आदल्या दिवशी मी चिंचेचा लिंबाएवढा गोळा मीठ-तिखट लावून चोरून खाल्ला होता, पण तो मी कोणाला सांगितला नव्हता. सासूबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर मी पानाचं सांगितलं. "कोणी... उक्... करणी केली आहे." 'भोळ्या समजुती'वर बक्षीस मिळवलेल्या मुलीचे हे शब्द.

सासूबाई गेल्या, लांबून पान पाहिलं आणि परत येऊन आमच्या घरातली अक्काने शिवलेली गोधडी उलगडली. सूत तेच. टाकाही तसाच लांबट. त्यांनी गोधडी तशीच खाली टाकली.

"तापीअक्का? तिला काय कमी केलं आपण?"

मी म्हटलं, "उक्."

त्या उचकीलाच पुरावा धरलं गेलं. म्हैस आटली होती, सासूबाईंचा गुडघा सुजला होता, कोणाचं तरी पोर रांगायचं थांबलं होतं. सगळं त्या पानात येऊन बसलं. दोन दिवसांत बायका अक्काच्या घरावरून जाताना लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या. शिवायला दिलेल्या तीन गोधड्या लोकांनी अर्ध्याच परत नेल्या, एकीत तर सुई तशीच खोचलेली होती. आणि सासूबाईंनी ठरवलं की यंदा दळणाला अक्काला बोलावणं जाणार नाही.

मला वाटलं, आता अक्का गल्ली डोक्यावर घेईल. जिच्या तोंडापुढे सरकारी साहेब टिकला नाही, ती काय सोडते! तर अक्का गप्प. भिंतीपलीकडून बडबड नाही, गाणं नाही. फक्त चौथ्या दिवशी डोळे वर आले. भिंतीच्या या बाजूला मी एकटी होते.

"जयगाववाली, तुनी सासूले सांग. त्या पानले हात लावू नका. आठ दिन. मंग जे बोलनं शे ते बोला."

मी तो निरोप शब्दाला शब्द नेऊन दिला. काडी टाकायची ती नीटच टाकावी.

"आठ दिवस!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तिने मुदतसुद्धा घातली आहे!"

संध्याकाळी दौलतनाना आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. सगळं दार त्यांनी भरून गेलं. "पारबताबाई," ते सासूबाईंना म्हणाले, "हाई चांगलं नही." दिवसाचे शब्द संपले, आणि ते वाकून बाहेर गेले.

मुदत भरायच्या आत सासूबाईंनी भगत बोलावला. सुका भगत नावालाच सुका, चांगला आडवातिडवा गडी. गलमिशा, कपाळभर शेंदूर, हातात मोरपिसांचा कुंचा. परसात गल्लीतल्या दहा-अकरा बायका जमल्या. एका बाजूला भिंतीला फासायच्या चुन्याचं घमेलं कालवून ठेवलेलं. मला पुढे बसवलं होतं. मी उचकत होते.

भगताने लिंबू कापलं, कुंचा फिरवला, आवाज चढवला, "ये बाहेर! कोण आहेस ते सांग!" आणि पानाकडे निघाला.

भिंतीवर डोळे आले. या वेळी नुसते डोळे नाहीत, हनुवटीपर्यंत सगळी अक्का. दौलतनानांनी तिला उचलून धरलं होतं.

"सुका, पान सोड. हात लावशी तं तुले सोडाव नही."

"ऐकलंत? ऐकलंत?" भगत म्हणाला. "कबुली दिली!" आणि त्याने पानाला हात घातला.

त्या क्षणी पानातून ते उडालं. अंगठ्याएवढं, शेपटी उभी, आणि आवाज असा की शंभर कात्र्या एकदम चालाव्यात. टुवीट टुवीट टुवीट करत ते भगताच्या मिशीवर, मिशीवरून कानाशी, कानापासून पागोट्यावर! पागोटं खाली. कुंचा उलटा. भगताने बाहेर यायला सांगितलं होतं आणि खरोखरच कोणीतरी बाहेर आलं होतं, हे आजवर त्याच्या धंद्यात घडलं नसावं. "आलं! आलं!" ओरडत तो मागे सरला तो थेट चुन्याच्या घमेल्यात. एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा करून आणि एक तसाच ठेवून सुका भगत गल्लीतून पळाला. त्याच्या एका पायाचे पांढरे ठसे पुढे पंधरा दिवस रस्त्यावर होते.

परसात कोणी हलेना. पाखरू वेलावर बसून अजून शिव्या देत होतं. मग त्याच्या जोडीचं दुसरं आलं, चोचीत हिरवी अळी. अकरा बायकांच्या देखत ते शिवलेल्या पानाच्या तोंडाशी बसलं. आतून तीन पिवळ्या चोची वर आल्या, उघड्या, थरथरत. अळी एकीत गेली.

"आते दखा," भिंतीवरून अक्का म्हणाली. "पन दूरथीन."

माझी उचकी थांबली होती. कधी ते कळलंच नाही.

सूत अक्काचंच होतं. गोधडीची लडी उन्हात असायची, तिची टोकं ओढून नेऊन चोचीने पान शिवलं होतं ते शिंपिणीने. आतला मऊ कापूस नानांच्या सदऱ्याला जिनातून चिकटून येई, तो.

बायका गुपचूप पांगल्या. सासूबाई घरात जाऊन बसल्या. मी एकटीच राहिले. खाली पाहत विचारलं, "अक्का, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगी देतू तं बठ्ठी गल्ली दखाले येती. बोट घालती. अंडा व्हतात तवय. शिंपीन भीस नही कोनले, पन बोट लागनं की घर सोडी देस."

"पण तुमचं नाव केवढं..."

"मनं नाव धुवाई जाई. अंडा थंडा पडतात तं काय तुनी सासू उबवती का?"

नाना तिला अजून धरूनच उभे होते. त्यांना हसू आलं, त्यामुळे अक्का वरखाली व्हायला लागली. "सरखं धरा ना!" ती त्यांच्यावर ओरडली. पाच दिवसांनी तिचा आवाज पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पण तिचे डोळे लाल होते. ते तिने पदराने पुसले आणि डोळ्यांत चुना उडाला म्हणाली. चुना भिंतीच्या या बाजूला होता.

दळणाच्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः तिच्या दारी गेल्या. मला मागे घेतलं होतं, म्हणजे बोलणी बसली तर वाटून घेता यावीत. सासूबाईंना माफी मागायची सवय नव्हती. त्या नुसत्या म्हणाल्या, "अक्का, गहू निवडून ठेवले आहेत."

अक्का वेलाखाली काठी घेऊन बसली होती. पिल्लं पानाच्या काठावर आली होती आणि बोका भिंतीवर.

"मी आठेथीन हालाव नही," ती म्हणाली. "आज उडतीन नही तं उद्या."

सासूबाईंचा चेहरा पडला. "मग दळण? तुझ्याशिवाय जात्याला बसायचं तरी कोणी?"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग बोक्याकडे. ही पाच दिवस एकटी बसलेली बाई आता काय मागेल, याची मला धास्ती होती. तिच्या जागी मी असते तर या साळुंकीला नाक घासायला लावलं असतं.

"तं मंग जातं आठे आना," अक्का म्हणाली.

दौलतनानांनी आमच्या घरातलं जातं एकट्याने उचललं, दोन्ही तळ्या एकदम, आणि भिंतीवरून अलगद पलीकडे उतरवलं. कानबाईचं दळण त्या वर्षी देवघरासमोर झालं नाही, गंगाफळाच्या वेलाखाली झालं. अक्का एका बाजूला बसली. समोर कोण, म्हणून सासूबाई पुढे झाल्या तर अक्काने माझा हात धरून मला बसवलं.

"ही बशी. उचकी हिलेच लागनी व्हती ना? खुंटा धर."

बायकांनी गाणं उचललं, तशी अक्का ओठांवर बोट ठेवून वेलाकडे पाहू लागली. पिल्लं बिचकतील! मग कानबाईची ती सगळी गाणी, जी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायची, ती अकरा बायकांनी कुजबुजत म्हटली. मला हसू आवरेना. हसता हसता खुंटा सुटला. अक्काने माझ्या मनगटावर चापट मारली आणि दुसऱ्या हाताने काठी उगारून बोक्याला दाखवली. गाणं मात्र चुकलं नाही तिचं.

पुढे आठ-नऊ वर्षं मी धुळ्यात काढली. भांडलो, रुसलो, माझी दोन्ही बाळंतपणं तिने केली. मग यांची बदली जळगावला झाली. सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या, त्या तिथेच राहिल्या. निघायचा दिवस नेमका कानबाईच्या सोमवारी आला. टांगा पांझरा नदीच्या रस्त्याला लागला आणि अडकला. समोरून मिरवणूक नदीकडे चालली होती. बायकांची दाटी, डफ, फुगड्या. आणि त्या दाटीवर, सगळ्यांच्या खांद्यांच्या उंचीवर, कानबाईचा चौरंग आपोआप चालला होता. वर केळीची पानं, नारळाचा मुखवटा, नथ, फुलं. खाली धरणारं कोणी दिसत नव्हतं. मागे सासूबाई आरतीचं ताट घेऊन चालत होत्या.

तेवढ्यात बोळातून लाकडांनी भरलेला एक ट्रक आला आणि भोंगा वाजवायला लागला. बायका इकडेतिकडे सरकल्या. डफ थांबला. चौरंग थांबला नाही. तो सरळ ट्रकच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"भोंगा कोनले दखाडस रे?" चौरंगाखालून ओळखीचा आवाज आला. "कानबाई शे डोकावर! मांगे ले!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग वर मुखवट्याकडे पाहिलं. बोलतंय कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसणार. त्याने हात जोडले आणि एवढा मोठा ट्रक घरघरत बोळात मागे गेला.

चौरंग नदीकडे वळला.